तळहातावरची चांद्रगाडी

बेळगावच्या कॅम्पात वाढणाऱ्या मुलाला वाहनांची ओळख फार लवकर होते. लष्कराचे हिरवे ट्रक, जीपगाड्या, खानापूर रस्त्याने गोव्याकडे निघालेल्या मालमोटारी हे सारे तो शाळेच्या वाटेवर नित्य पाहत असतो. त्याच गाड्यांच्या बोटभर लांबीच्या धातूच्या प्रतिकृती दुकानात टांगलेल्या दिसल्या, की त्याची पावले तेथे थबकतात. पण त्या रांगेत क्वचित एखादी अशी गाडी असते, की जी कोणत्याही रस्त्यावर दिसावयाची नाही. तिला सहा चाके असतात. छप्पर नसते, दार नसते, चालकाला बसावयास जागाही नसते. ती मंगळावरची गाडी होय. अशा अवकाशवाहनांच्या ओतीव प्रतिकृती जमविण्याचा छंद आज जगात अनेकांना आहे. तो केवळ पोरखेळ आहे, की त्यात काही शिकण्यासारखे आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

ओतकामाचे बेळगावला नवल नाही. उद्यमबागेतील फौंड्रीत बिडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला जातो आणि वस्तू निघाली की तो साचा मोडावा लागतो. खेळण्यातल्या गाड्यांची रीत निराळी आहे. त्यांचा साचा पोलादाचा असतो व तो हजारो वेळा वापरता येतो. धातूही वेगळा, जस्तात सुमारे ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम मिसळून तो तयार करतात. बिडाला वितळावयास सुमारे १२०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, तर या मिश्रधातूला ४०० अंशही पुरेसे होतात. हा रस मोठ्या दाबाने साच्यात शिरतो व क्षणार्धात गोठतो. म्हणूनच गाडीच्या अंगावरील बारीकसारीक रेघादेखील स्पष्ट उमटतात.

इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीची ‘डिंकी’ खेळणी या क्षेत्रात फार नावाजलेली होती. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर प्रथमच मोटारगाडी चालविली आणि पुढच्याच वर्षी डिंकीने तिची निळ्या रंगाची प्रतिकृती बाजारात आणली. तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. त्याच्या गाड्या आता संग्राहकांच्या कपाटांतच आढळतात. १९९७ च्या जुलैत अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले, त्या वेळी मॅटेल कंपनीने आपल्या ‘हॉट व्हील्स’ मालिकेत त्या यानाचा आणि त्यातील ‘सोजर्नर’ या छोट्या गाडीचा संच काढला. तो घेण्यासाठी तेथील दुकानांत झुंबड उडाली. २०१२ साली ‘क्युरिऑसिटी’ मंगळावर पोहोचली आणि तिचीही प्रतिकृती त्या मालिकेत निघाली. ‘सोजर्नर’ काय किंवा ‘क्युरिऑसिटी’ काय, ही नावे शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धांतून निवडलेली आहेत, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

इतर खेळण्यांहून या प्रतिकृतींची योग्यता निराळी आहे, ती एका कारणामुळे. जुनी मोटार संग्रहालयात जाऊन पाहता येते. आगगाडीचे इंजिन तर हाताने चाचपताही येते. परंतु चंद्रावर माणसांनी चालविलेल्या तिन्ही गाड्या तेथेच उभ्या आहेत. रशियाची आठ चाकांची ‘लुनोखोद’ही तेथेच आहे. ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी तीन महिने चालावी म्हणून मंगळावर पाठविली होती. ती १४ वर्षांहून अधिक काळ चालत राहिली. त्या साऱ्या काळात तिने सुमारे ४५ किलोमीटर अंतर तोडले, म्हणजे जवळजवळ बेळगावाहून खानापूरला जाऊन परत येण्याइतके. तीही आता तेथल्या धुळीत निश्चल आहे. ही वाहने परत यावयाची नाहीत. त्यांचे रूप हातात धरून न्याहाळावयाचे, तर मानवाच्या हाती प्रतिकृतीच तेवढी उरते.

म्हणूनच ती प्रतिकृती खरे सांगते की नाही, याची पारख संग्राहकाने केली पाहिजे. व्यापारी सोयीसाठी लहानमोठ्या सर्व गाड्या साधारण सारख्याच आकाराच्या वेष्टनात बसविल्या जातात. त्यामुळे साडेदहा किलो वजनाची ‘सोजर्नर’ आणि सुमारे ९०० किलोंची ‘क्युरिऑसिटी’ या जणू जुळ्या बहिणी भासतात. प्रत्येक माप चौसष्टाव्या हिश्शाने घेतले, तर ६५ सेंटीमीटर लांबीची पहिली गाडी जेमतेम एक सेंटीमीटर भरेल. तीन मीटर लांबीची दुसरी पावणेपाच सेंटीमीटरांच्या आसपास जाईल. हे गणित जो मुलगा वहीत मांडतो, त्याच्या हाती खेळण्याबरोबर प्रमाणाचे ज्ञानही येते. जो मांडत नाही, त्याच्यापाशी केवळ खेळणे राहते.

आणखी एक धडा धातूकडून मिळतो. जस्तात शिशाचा किंचित जरी अंश राहिला, तरी काही वर्षांनी ते खेळणे फुगते, त्याला भेगा पडतात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दमट हवेत हा रोग बळावतो. तेव्हा बेळगावसारख्या भरपूर पावसाच्या गावी संग्रह कोरड्या जागी ठेवणे अगत्याचे आहे.

संग्राहकांत एक वाद नेहमीचा आहे. वेष्टन न फोडलेल्या गाडीला पुढे अधिक किंमत येते, म्हणून कित्येकजण ती कधी उघडतच नाहीत. प्रौढ माणसाने आपल्या पैशाचे काय करावे, हा त्याचा प्रश्न. पण मुलाच्या हाती दिलेली गाडी बंद ठेवावयास सांगणे म्हणजे पुस्तक देऊन पाने उघडू नकोस असे बजावण्यासारखे आहे. चाक ढळले, रंग उडाला तरी बिघडत नाही. १९७२ मध्ये अपोलो १७ च्या खऱ्या गाडीचा चिखलरोधक चंद्रावर मोडला, तेव्हा अंतराळवीरांनी नकाशाचे कागद चिकटपट्टीने जोडून त्याची डागडुजी केली व काम चालू ठेवले. दुरुस्त केलेली गाडी ही शोभा उणावलेली गाडी नव्हे.

आणि विकत घेण्याची ऐपत नसेल, तर? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान ३ मधील ‘प्रज्ञान’ गाडी २६ किलो वजनाची, सहा चाकांची, सुमारे ९० सेंटीमीटर लांब व ७५ सेंटीमीटर रुंद होती. एवढी मापे आणि जाड पुठ्ठा हाती असला, म्हणजे दहावा हिस्सा धरून नऊ सेंटीमीटरांची ‘प्रज्ञान’ घरीच साकारता येईल. दुकानातील गाडीपुढे ती ओबडधोबड दिसेल खरी. परंतु तिचे प्रत्येक माप करणाऱ्याला ठाऊक असेल. तिच्याखाली एक चिठ्ठी ठेवावी. गाडीचे नाव, कोणत्या देशाची, कोठे व केव्हा उतरली, वजन किती, किती अंतर चालली, एवढे त्यावर लिहावे. दहा गाड्या आणि दहा चिठ्ठ्या झाल्या, म्हणजे तो संग्रह झाला. चिठ्ठ्यांवाचून शंभर गाड्या जमविल्या, तरी ती नुसती रास होय.