ठरावामागे माणसे हवीत
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा सारांश)



‘नगरपालिका आणि लोकांचा सहभाग’ या विषयावर मला बोलायला सांगितलंय. विषय सरकारी वाटतो खरा, पण आपण तो महाडमध्येच शिकलो आहोत. बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर! तीन वर्षे त्या ठरावाने आपली ओंजळ भिजली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा कुठे ठरावाला पाणी लागले. पुढे ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. बंधूंनो, ठराव करणारे पलटतात. म्हणून ठरावामागे जागी माणसे लागतात.

आता पुण्याचे उदाहरण घ्या. तिथे कचरा वेचणाऱ्या बहुतेक बाया आपल्याच दलित समाजातल्या. पाठीवर पोतं, आणि लोकांच्या नजरेत चोर. १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. बायांनी मागणी केली, भीक नव्हे. त्यांच्या ओळखपत्राला महापालिकेने मान्यता दिली आणि पोलिसासमोर उभं राहायला आधार मिळाला. पुढे त्यांनी ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. २००८ साली महापालिकेने तिच्याशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. उकिरड्यावरची बाई घराच्या दारात मानाने उभी राहिली. महापालिकेचे काम झाले, बाईला दरमहा शुल्क मिळू लागले.

पण सगळं गोड नाही. तिला पगार नाही, घरटी मिळेल तेवढंच. कराराची मुदत संपली की पुन्हा मुदतवाढीसाठी दारे ठोठवावी लागली. हा सहभाग की बिगारी, हे आपण विचारलं पाहिजे. नगरपालिका आपल्याला झाडू देते आणि निर्णय स्वतःकडे ठेवते, त्याला भागीदारी म्हणत नाहीत. निर्णयात वाटा, कामाचा दाम आणि लेखी करार, या तिन्ही गोष्टी असतील तरच ती भागीदारी.

म्हणून माझी विनंती एवढीच. वस्तीत नळाचे, संडासाचे, गटाराचे काम आले की विहारात बैठक घ्या. कामाचा कागद मागा, तो सर्वांसमोर मोठ्याने वाचा. पाठपुराव्याच्या समितीत निम्म्या तरी भगिनी असू द्या, कारण पाण्याची रांग त्यांनाच ठाऊक. आणि उद्या दारात कचरा घ्यायला येणाऱ्या ताईला ओला-सुका वेगळा करून द्या, तिचे पैसे वेळेवर द्या. ‘कचरेवाली’ म्हणू नका, नावाने हाक मारा.

विहाराची वास्तू आपण वर्गणीतून उभी केली. आता तिच्यातून जागा नागरिक उभा राहू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!