अचूक निदान आणि आपली जबाबदारी
(वार्षिक सभेतील प्रशासकांचे मनोगत)



अभिनेते इरफान खान यांच्या आजारामुळे २०१८ साली ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे नाव सर्वपरिचित झाले. संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या या गाठी जुनाट अतिसारासारख्या साध्या लक्षणांआड दडू शकतात. त्यांपैकी बहुतेकींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन धरणारी स्थाने असतात. किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडलेले औषध तेथे चिकटते आणि पेट-सीटी स्कॅनमध्ये रोगाचा पसारा दिसतो. ल्युटेशियम-१७७ चा उपचार योग्य ठरेल का, हेही कळते.

मात्र हे गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मे होते. ते साठवता येत नाही. म्हणून कुरुंदवाडच्या रुग्णालाच परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या केंद्रात जावे लागते. वेळीच शंका घेऊन, पूर्ण कागदपत्रांसह त्यास पाठविणे, हे आपले कर्तव्य होय.