सरपंचताईंची सही आणि आपली जबाबदारी

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून. राजकारणातले जाणकार नाही. पण काउंटरच्या आतून जे दिसते, ते सभेत दिसत नाही. त्यातलेच थोडे आज सांगणार आहोत.

आपल्या भागातल्या एका गावची एक ताई बचत गटाची अध्यक्ष होती. दर महिन्याला गटातल्या दोघीतिघींना घेऊन यायची. पासबुकात नोंद करून घ्यायची आणि आकडा जुळल्याशिवाय काउंटर सोडायची नाही. एकदा तर तिने आमचीच चूक दाखवून दिली. पुढे गावचे सरपंचपद महिलेसाठी राखीव निघाले आणि ती निवडून आली. आम्हाला आनंद झाला. पण त्यानंतर ती बँकेत आली ती यजमानांच्या मागे. कागद त्यांच्या हातात, बोलणे त्यांचे. 'इथे सही कर' म्हटले की तिने सही करायची. आम्ही विचारले, 'ताई, रक्कम पाहिली का?' उत्तर यजमानांनीच दिले. आम्ही पुढे काही बोललो नाही. कागद घेतला, शिक्का मारला.

बाई तीच, हुशारी तीच. गटाचा हिशेब चोख ठेवणारी बाई सरपंच झाल्यावर गप्प का झाली? तिला येत नव्हते असे कोणी म्हणू नये. तिला बोलू दिले गेले नाही, आणि त्या दिवशी गप्प राहणाऱ्यांत आम्हीही होतो.

कायदा कमी पडला असे नाही. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली आणि 1994 मध्ये तिच्यानुसार पंचायत निवडणुका घेणारे आपले मध्यप्रदेश पहिले राज्य ठरले. तेव्हा महिलांना एक तृतीयांश जागा होत्या, पुढे त्या निम्म्या झाल्या. तरी 2022 च्या पंचायत निवडणुकीनंतर सागर आणि दमोह जिल्ह्यांत काय झाले? निवडून आलेल्या भगिनींऐवजी त्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली! बातम्या आल्या तेव्हा आपण सारे हसलो. पण आपल्या गावात शपथ बाई घेते आणि कारभार भाऊ करतात, यात फरक तो किती? हा रोग सगळ्या देशाचा आहे. म्हणूनच केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने 2025 मध्ये, बाईच्या नावावर कारभार करणाऱ्यांना जरब बसेल असा दंड करावा, अशी शिफारस केली.

आता वर पाहू. 2023 मध्ये आपल्या राज्यात 230 आमदार निवडून आले, त्यांत महिला 27. 2024 च्या लोकसभेत 543 पैकी 74. आपल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही जागांवर 2008, 2013, 2018 आणि 2023 या चारही निवडणुकांत पुरुषच निवडून आले. छिंदवाड्याने 1996 मध्ये अलका नाथ यांना लोकसभेत पाठवले होते. त्यांनी राजीनामा दिला आणि 1997 च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पती कमलनाथ उभे राहिले. मतदारांनी सुंदरलाल पटवांना निवडून दिले. बाईची जागा म्हणजे घरातल्या पुरुषासाठी टाकून ठेवलेला रुमाल नव्हे, एवढा बोध त्यातून आपण घ्यायला हरकत नाही.

आपल्या घराण्यांना जुना इतिहास सांगायची हौस आहे, मग हाही सांगावा. 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत 1937 मध्ये अनसूयाबाई काळे उपसभापती झाल्या. पुढे त्या नागपूरच्या खासदारही झाल्या. इंदूरच्या सुमित्राताई महाजन नगरपालिकेच्या राजकारणातून वर आल्या, 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या आणि 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. चिपळूणची लेक, इंदूरची सून, आणि मते दिली ती हिंदी भाषिक मतदारांनीही. तेव्हा 'आपली भाषा इथे अल्पसंख्य, त्यात बाई, कसे होणार?' हे कारण टिकत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर आपण गोटमार पाहतो. तिची कथा आपल्याला पाठ आहे. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, आणि दोन्ही काठांवरून दगड. त्या मुलीला काय हवे होते, हे कथेत कोणी विचारत नाही. राजकारणात उतरलेल्या बाईची गत अशीच होते. विरोधक तिच्या चारित्र्यावर बोलतात, घरचे म्हणतात, 'पोरांकडे कोण पाहणार?' दगड दोन्हीकडून.

2023 च्या कायद्याने विधानसभेत आणि लोकसभेत एक तृतीयांश जागा महिलांना ठेवल्या आहेत. त्या जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू व्हायच्या आहेत. पण पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला, नव्या जिल्ह्यात नव्या खुर्च्या येणार. त्यांवर सह्या करणाऱ्या बाया बसवायच्या की निर्णय घेणाऱ्या, हे आपल्या घरांत ठरणार आहे.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, आपल्या कार्यकारिणीत निम्म्या भगिनी असाव्यात, आणि त्यांच्याकडे हळदीकुंकवाबरोबर जमाखर्चही द्यावा. दोन, आपल्या घरातली जी भगिनी पंच, सरपंच किंवा पार्षद असेल, तिच्या बैठकीला यजमानांनी जाऊ नये. गाडीवर सोडावे आणि बाहेर थांबावे. तीन, राखीव नसलेल्या जागेसाठीही एखाद्या लायक भगिनीचे नाव आपण स्वतः पुढे करावे.

आणि भगिनींनो, तुम्हाला एकच विनंती. वाचल्याशिवाय सही करू नका. बँकेत आलात तर रक्कम मोठ्याने विचारा. यापुढे उत्तर आम्ही तुम्हालाच देऊ, शेजारी कोणीही उभे असो.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. जय हिंद!