सर्दीच्या गोळीतली झोप

परवा एटापल्लीच्या बाजारात एक भाऊ भेटले. मळणीची धूळ नाकात गेलेली, शिंकून शिंकून बेजार. खिशातून सीपीएमची गोळी काढली, घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि मोटरसायकलला किक मारली. निघाले आलापल्लीला, लोहखनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यानं! मी सरळ चावी काढून घेतली.

सीपीएम, म्हणजे क्लोरफेनिरामाइन. रात्री बांधीच्या मचाणावर राखणदार बसतो. रानडुक्कर आलं की आरोळी ठोकतो. आपल्या शरीरातली ही आरोळी म्हणजे हिस्टामिन. ती ऐकून नाक वाहतं, अंग खाजतं. गोळी राखणदाराला गप्प करत नाही, ऐकणाऱ्यांच्या कानात बोळे घालते. पण मेंदूला जागं ठेवणारी आरोळीही हिस्टामिनचीच! ही गोळी मेंदूत शिरून तिथेही बोळे घालते, म्हणून डोळे मिटतात. सेट्रिझिन मेंदूत कमी शिरते, पण झोप तिनंही येऊ शकते.

हे बोळे लवकर निघत नाहीत. मोठ्या माणसाच्या रक्तातलं निम्मं औषध उतरायलाच साधारण २० तास लागतात. रात्रीची गोळी सकाळी मळणीयंत्रात पेंढ्या सारतानाही अंगात असते. ‘मला कुठे झोप येते?’ म्हणणाऱ्याचाही हात ब्रेकवर उशिरा जातो. म्हणून सांगतो : गोळी घेतली की गाडी नाही, यंत्र नाही. आणि वर मोहाची दारू तर मुळीच नाही. दोन्ही मिळून राखणदारालाच झोपवतात.

दुकानातल्या सर्दीच्या तयार गोळीतही बहुधा हेच औषध असतं. ती घेऊन वर सीपीएम घेतली, तर मात्रा दुप्पट. म्हाताऱ्या बाबांची लघवी अडू शकते. आणि आयांनो, रडतं लेकरू झोपावं म्हणून ही गोळी कुटून देऊ नका. रागावून सांगतोय. हे औषध नाक मोकळं करणाऱ्या फिनिलएफ्रिनसोबत असेल, तर ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं आहे.

साप चावल्यावरही काही जण हीच गोळी देतात. मण्यारीच्या विषानं पापण्या जड होतात, गोळीनंही होतात. मग डॉक्टरांनी ओळखायचं कसं? तिथे गोळी नको, थेट दवाखाना. एवढं ध्यानात ठेवा : गोळी घेतली की चावी घरच्यांच्या हाती. नमस्कार.