उशिरा आलेला वसंत

यंदा आमच्या घरी वसंत उशिरा आला. दारात झाड एकच, कडुनिंबाचं. गुढीपाडव्याला निम्मी गल्ली त्याचेच डहाळे नेते. पण माघात, तारांना लागतो म्हणून कुणीतरी त्याला पार खांद्यापर्यंत छाटलं. पाडव्याला पोरं आली तेव्हा द्यायला एक पान नव्हतं. "चाचा, झाड मेलं का?" एकानं विचारलं. मला काही सांगता आलं नाही.

थंडीत चार दिवस नांदूर मधमेश्वरला जायचं, हा माझा अनेक वर्षांचा रिवाज. यंदा बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि जाणं लांबलं. पाडवा उलटल्यावर तीच म्हणाली, "जाऊन या एकदाचे. मुलगी आहे माझ्याजवळ."

नाशिकहून चाळीसेक किलोमीटर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटाच्या हिशेबात हा तोटाच. पक्ष्यांना मात्र घर मिळालं. १९८६ मध्ये तिथं अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं.

मी पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं. हिमालय ओलांडणारे पट्टकादंब केव्हाच गेलेले. चक्रवाकाची एक जोडी तेवढी रेंगाळत होती. रात्री नदीच्या दोन काठांवर विरहात राहणारी म्हणून कवींनी बदनाम केलेली ही जोडी, दिवसभर एकमेकांना सोडत नव्हती. बाकी सगळी घरची मंडळी. कपाळी पांढरा टिळा लावलेले काळे वारकरी. आणि हळदी-कुंकू बदक : चोचीच्या टोकाला पिवळा रंग, बुडाशी लाल ठिपके. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांच्यापुढे आम्ही कवी कोण!

चौथ्या दिवशी घरी आलो, तर बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. खिडकीबाहेर कपड्यांच्या तारेला शिंजिराचं घरटं लोंबत होतं. वाळकी पानं, सालीचे तुकडे, सगळं कोळ्याच्या जाळ्यानं बांधलेलं. दारावर छोटंसं छप्परसुद्धा. "बांधते ती एकटी," बायको म्हणाली. "तो निळा-जांभळा नुसता चमकतो आणि गातो." टोमणा माझ्यापर्यंत पोचला.

"कधी सुरू केलं हिनं?"

"तुम्ही जायच्या दोन दिवस आधी. सांगणार होते, पण तुम्ही दुर्बीण पुसत होता."

दुर्बीण लावून पाहिली. घरटं इतकं जवळ होतं की काहीच नीट दिसेना. ती खाली ठेवली आणि बायकोच्या पलंगावर, तिच्या पायांशी बसलो. तिथून घरट्याच्या दारातली बारीक वाकडी चोच दिसत होती. गुडघा दुखत असताना चार दिवस ती एवढंच पाहत होती.

वैशाख लागता लागता निंबाच्या तुटक्या खांद्यांतून तांबूस कोंब आले. तेच पोर दारातून ओरडलं, "चाचा, पाला फुटला!"

आतून बायको म्हणाली, "हळू बोल रे. ती बसलीय आत."