काचेवरचा फवारा

आज ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती नखाएवढी आहे. मोटारीच्या बॉनेटवर, वायपरच्या जरा पुढे, दोन काळी बोंडं असतात. कांडी ओढली की त्यातून काचेवर पाणी उडतं. गाडी घेताना आपण टायर पाहतो, एसी पाहतो. या बोंडांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मीही पाहत नव्हतो.

माझी गाडी मारुती ८००, २००४ सालची. १५ वर्षं झाली तेव्हा पुन्हा नोंदणी करून घेतली, पुढे आणखी एकदा. इंजिन ठणठणीत. दोनेक वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही दोघं मुरबाडहून मोहन्याला परतत होतो. संध्याकाळचे पाच वाजून गेलेले, सूर्य बरोबर समोर. वरपच्या पुढे एका डंपरनं काचेवर धुळीचा लोट सोडला. मी कांडी ओढली. एका जेटमधून पाणी आलंच नाही. दुसऱ्याची बारीक धार काचेवरून, टपावरून थेट मागच्या स्कूटरवाल्याच्या अंगावर. काचेवर पडले चार थेंब. वायपरनं ते धुळीत कालवले आणि काच सारवून ठेवली. त्यावर ऊन पडलं आणि समोर नुसता पांढरा पडदा!

हिशेब नंतर केला. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. चार सेकंद दिसलं नाही, म्हणजे ५५ मीटर मी आंधळा चाललो होतो. ब्रेक दाबला आणि डाव्या आरशाला काहीतरी घासलं. सायकलवरचा दूधवाला होता. त्याच्या किटलीला आरसा लागला, त्याला नाही. तो मला जे बोलला ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही, पण त्याचं काही चुकलं नाही. सौभाग्यवती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी टाचणी घेतली आणि बंद भोक कोरून मोठं केलं. मी एनआरसीत, म्हणजे नॅशनल रेयॉनमध्ये, स्पिनिंग खात्यात उमेदीची वर्षं काढलेला माणूस! कंपनी २००९ साली बंद पडली, पण तिथलं काम हातातून जात नाही. व्हिस्कोसचा घट्ट रस स्पिनरेटच्या केसाएवढ्या भोकांतून आम्लाच्या हौदात सोडायचा, की त्याचे धागे होतात. ती स्पिनरेट सोने-प्लॅटिनमच्या मिश्रधातूची, मोजून द्यायची, मोजून घ्यायची. भोक तुंबलं तर स्पिनरेट काढून धुवायला जायची, आत टाचणी घालायची कोणाची छाती नव्हती. भोकाचा आकार बिघडला की धागा बिघडला. हे सगळं ठाऊक असून मी टाचणी घातली. भोक दुप्पट रुंद झालं की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि पाणी तेवढंच असेल तर वेग पाव. दुसऱ्या दिवशी माझा जेट बॉनेटवरच लाळ गाळत होता.

मग उल्हासनगरहून फवाऱ्याचे जेट आणले. नव्या गाड्यांना असे असतात. त्यात हलणारा एकही भाग नाही. वाहत्या पाण्याला जवळच्या भिंतीला चिकटून जायची सवय असते. हेन्री कोआंडा या रुमानियन अभियंत्याच्या नावानं ती ओळखली जाते. जेटच्या पोटातली पोकळी अशी घडवलेली असते, की धार एका भिंतीला चिकटते, तिथून फेकली जाते, दुसरीला चिकटते. हे डोळ्याला दिसणार नाही इतक्या झपाट्यानं चालतं आणि बाहेर पंख्यासारखा फवारा उघडतो. थोड्या पाण्यात काचेचा मोठा पट्टा भिजतो. फार वेगात वारा हे बारीक थेंब ढकलतो म्हणतात. पण शहाडच्या पुलावर तेवढा वेग मिळाला तर मी पेढे वाटीन.

जेट बसवले, कांडी ओढली, आणि पुन्हा लाळच. मेकॅनिक हसला. ‘‘काका, मोटर म्हातारी झालीय. फवाऱ्याला दाब लागतो.’’ बाटलीखालची छोटी मोटर बदलली, कडक झालेली रबरी नळी बदलली, नळीत एकाच दिशेनं पाणी सोडणारा छोटा व्हॉल्व्ह टाकला. तो नसेल तर उभ्या गाडीत पाणी बाटलीत परत उतरतं आणि कांडी ओढल्यावर पहिले दोन सेकंद हवाच येते. घाटात दोन सेकंद फार होतात. नुसते जेट बदलून जमेल असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर आधी जुन्या नळीतून पाणी किती जोरात येतं ते बघा.

आणि पाणी! जेट तुंबले होते ते बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं. त्यात मी चिमूटभर साबणाची पावडर टाकायचो, तिचा चिखल बाटलीच्या तळाशी होता. जुना जेट रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला असता तर कदाचित सुटलाही असता. आता शेजारच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरतो, कापडानं गाळतो आणि तेच भरतो. शेजारी विचारतात, काका, हे पाणी पिता की काय?

कायद्याचं म्हणाल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०१ वा नियम काच असलेल्या मोटारीला यंत्रावर चालणारा वायपर हवाच म्हणतो. पण कोरड्या धुळीवर नुसता वायपर फिरवून काय होतं, ते मी वरपला पाहिलं.

परवा पुन्हा मुरबाडला गेलो होतो. निघताना सौभाग्यवतीनं पट्टा लावायच्या आधी हात लांबवून स्वतःच कांडी ओढली. काच भिजलेली पाहिली आणि मग म्हणाली, ‘‘चला.’’