वारीची तयारी बारा महिन्यांची
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी चौथी शिकलेला शेतकरी. कीर्तनाला उभा राहिलो तर दोन तास बोलेन, पण मंडळींनी सांगितलं, महाराज, यंदा आरोग्यावर बोला. तेव्हा आज निरूपणाला अभंग नाही, पाय घेतलेत.

पूर्वी दिंडीत आजारी पडणं म्हणजे काय, तर ताप, जुलाब, नाहीतर पायाला फोड. चार दिवसांत माणूस उठून उभा. आता तंबूत रात्री गोळ्यांचे डबे उघडतात ते बघा. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाचे गुडघे झिजलेले, कुणाला दमा, कुणाच्या हृदयात स्टेन टाकलेली. हे आजार पाहुण्यासारखे येऊन जाणारे नाहीत. ते संगतीला घेऊनच चालायचं असतं. आणि इथंच आपलं चुकतं. एक जण म्हणतो, आजार झाला, आता गप घरी बसा. दुसरा म्हणतो, काही होत नाही, पांडुरंग नेतो. पहिला माणूस वर्षभरात उंबऱ्याच्या बाहेर पडेनासा होतो, आणि दुसऱ्याला आपण घाटातनं उचलून आणतो.

तालुक्याच्या गावी एक व्यायामाच्या डॉक्टरीण बाई आहेत, फिजिओथेरपी म्हणतात त्याला. आपल्या दिंडीतल्या बऱ्याच जणांचे गुडघे त्यांनी बघितलेत. त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. राहुटी कशानं उभी राहते? मधल्या खांबानं नव्हे, चारी बाजूंच्या दोऱ्यांनी. दोऱ्या ढिल्या सोडल्या तर खांब किती वेळ टिकणार? गुडघ्याचं तसंच. मांडीचं मांस ही त्याची दोरी. दुखतंय म्हणून माणूस चालायचं सोडतो, मांस उतरतं, मग सगळा भार सांध्यावर येतो आणि आणखी दुखतं. असा फेरा बसतो.

त्यावर उपाय फुकटचा आहे. खुर्चीवर ताठ बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडी घट्ट आवळायची, पाचापर्यंत मोजायचं, सावकाश खाली. एका पायाला दहा वेळा, मग दुसऱ्याला. ते जमलं की खुर्चीवरनं हाताचा टेका न घेता उठायचं, बसायचं, जमेल तेवढ्या वेळा. भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या, म्हणजे तोल राहतो. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर समजा जास्त झालं, निम्मं करा. काठी धरायची तर दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरा, आपण बहुतेक जण नेमकी त्याच बाजूला धरतो. आणि ज्याचा गुडघा वाकत नाही त्यानं कीर्तनात खुशाल खुर्चीवर बसावं. मांडी घातली नाही म्हणून देव काही रुसत नाही.

आता चालण्याचं. पुष्कळ लोक म्हणतात, मी दरवर्षी वारी करतो, मला वेगळा व्यायाम कशाला? मला हे पटत नाही. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, वीस-एक दिवसांची वाट. राहिलेले ३४५ दिवस काय करता? पारावर बसता. आणि मग एकदम पुणे ते सासवड तीस किलोमीटरच्या वरची मजल, मध्ये दिवे घाट! बैलाला सुद्धा आपण पेरणीआधी हलकं काम देऊन अंगावर आणतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय की माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं चालावं, आणि जुने आजार असणाऱ्यांनाही तेच लागू आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. चैत्रात सुरुवात केली तर ज्येष्ठापर्यंत हळूहळू वाढवता येतं.

किती जोरात चालायचं? त्याचं माप आपल्याच तोंडात आहे. चालताना शेजाऱ्याशी बोलता येतंय पण चाल लावून गाता येत नाही, तो वेग व्यायामाला बरोबर. बोलताच येत नसेल तर कमी करा. आता वारीत आपण गातच चालतो, म्हणून तिथं पाऊल हळूच पाहिजे. दम्याच्या माणसाला धाप लागली तर त्यानं आडवं होऊ नये. बसावं, थोडं पुढं वाकावं, कोपरं मांडीवर टेकावीत, नाकानं श्वास घ्यावा आणि दिवा हळू फुंकल्यासारखा ओठ मिटते घेऊन सावकाश सोडावा. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या आपल्या बायांना हा त्रास फार असतो आणि त्या सांगत नाहीत. माऊल्यांनो, सांगत जा.

शुगरवाल्यांसाठी जरा थांबतो, कारण त्यांचं दुखणं गप्प असतं. वर्षानुवर्षं शुगर असली की पायाची जाणीव कमी होते. काटा मोडतो, कळत नाही. डांबर भाजतं, कळत नाही. म्हणून त्यांनी अनवाणी चालण्याचा नेम करू नये, रिंगणातही नाही. नवी कोरी चप्पल वारीला घालू नये, दोन महिने आधी घेऊन वापरावी. मुक्कामाला पोचलं की तळवे बघायचे. स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरा, नाहीतर शेजारच्या माऊलीला सांगा. आपण एकमेकांच्या पाया पडतोच, पडता पडता बघा की! बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, पाऊस असतो. फोड आला तर सुईनं फोडू नका, गरम पाण्यात पाय बुडवू नका, दवाखान्याच्या गाडीवर दाखवा.

आणि एकादशी. सासवडची मोठी मजल बहुधा वद्य एकादशीलाच येते. शुगरची गोळी घेतली, पोटात काही नाही आणि घाट चढतोय, म्हणजे शुगर उतरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळायला लागतो. लोकांना वाटतं अंगात भाव आला. अहो, भाव नाही तो! शुद्धीवर असेल तर आधी साखरेचं पाणी नाहीतर गुळाचा खडा द्या, थांबवा, सावलीत बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन लावा. छातीवर दाब आला, डाव्या हाताला कळ गेली, तरी तोच नंबर. उपास करायचा का, गोळ्यांचं काय करायचं, हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तोच कागद, घरच्यांच्या फोननंबरासह, प्रत्येकाच्या खिशात पाहिजे.

सेवेकऱ्यांनाही एक सांगतो. पखवाज गळ्यात अडकवून मैलोगणती चालणाऱ्याची मान आणि खांदे धरतात. दोघांनी आलटून पालटून घ्या. विणेकऱ्यानं एकाच पायावर भार देऊन तास काढू नयेत. कीर्तनकार सुद्धा पोट पुढं काढून उभे राहतात आणि मग रात्री कंबर धरतात.

शेवटी जरा कडू बोलतो. आपल्यात सामानाच्या ट्रकात बसणाऱ्याला हसायची खोड आहे. 'यंदा ट्रकातनं वारी का?' एवढं बोललं की तो बिचारा दुखणं लपवून चालतो. ज्यानं सकाळची अर्धी मजल चालली आणि राहिलेली गाडीत काढली, त्याची वारी पुरी झाली, असं या वयात मी जबाबदारीनं सांगतो. शंभर वर्षं दिंडी चालली ती एकमेकांना सांभाळून.

आता ठरलंय ते ऐका. येत्या चैत्र एकादशीपासून रोज संध्याकाळी हरिपाठानंतर मंदिरापुढं वीस खुर्च्या मांडल्या जातील. अर्धा तास व्यायाम, मग ओढ्यापर्यंत चालून परत. पहिल्या दिवशी बाई स्वतः येऊन प्रत्येकाला काय झेपेल ते बघणार आहेत, तेव्हा डॉक्टरांचे कागद बरोबर आणा. घरची सून म्हणाली नको, तर तिलाही घेऊन या.

रामकृष्ण हरी.